जिताडा कोणासाठी

ज्या घराचं सरकारदरबारी काम अडलेलं असतं त्या घरात जिताडा शिजतो, हा खाडीकाठचा जुना नियम. घरच्यांनी बोंबील खावेत, निवट्या खाव्यात, फार तर कोलंबी खावी. जिताडा, खाडीतला मानाचा मासा, मात्र ज्याची सही हवी असेल त्याच्या पानात. गोदूच्या उभ्या आयुष्यात तिच्या माहेरी तो तीनदाच आला होता. एकदा मिठागराच्या मोजणीदारासाठी, एकदा जमीन सरकारजमा होताना आलेल्या साहेबासाठी, आणि एकदा एका वकिलासाठी. तो वकील तर रस्सा ओरपून जो गेला तो पुढच्या तारखेला फिरकलाच नाही. त्यामुळे त्या रविवारी सकाळी भावाच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या मागच्या मोरीत हातभर लांबीचा जिताडा पडलेला दिसला, तेव्हा गोदूने कोणाची तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "कोन सायेब येनार हाय गो?"

मोरीवर बसून खवले काढणारी मनिषा, म्हणजे गोदूच्या भाच्याची, केतनची बायको. तिने मान वर केली नाही. "कोणी नाही आत्या. तुमच्यासाठीच आणलाय," ती म्हणाली.

झालं. तिथेच गोदूच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

किडा तसा सकाळीच शिरला होता. कळंबोलीला तिच्या दारात केतनची गाडी उभी राहिली, ड्रायव्हरने उतरून दार उघडलं, तेव्हापासून. सदुसष्ट वर्षांची झाली ती. लग्न होऊन कळंबोलीला गेल्यापासून माहेरी यायला तिला एसटी होती, नंतर सहा आसनी रिक्षा होती, आणि काहीच नसलं तर पाय होते. गाडी कधी आली नव्हती. बरं, गाडीत मागच्या सीटवर साडीचं खोकं ठेवलेलं, त्यावर चिठ्ठी, 'आत्याला सप्रेम'. खोक्यात पैठणी. दर भाऊबीजेला या घरातून तिला मिळायची ती सुती साडी, तीही काठ विटलेली. ती कुरकुरली नव्हती, पण तिने डोळे काही मिटून घेतले नव्हते.

निमित्त मात्र गोड होतं. गुरुवारी अंकिताचा फोन आला होता. केतनची ही मुलगी सतरा वर्षांची, आणि गोदूचा जीव तिच्यावर आपल्या नातवंडांपेक्षा अंमळ जास्तच. पोरीला चाकांच्या फळीवर उभं राहून धावण्याचा नाद. त्या फळीला स्केटबोर्ड म्हणतात हे गोदूला तिनेच शिकवलं होतं. गेल्या पावसाळ्याआधी कळंबोलीच्या उड्डाणपुलाखाली ही फळीवरून पडली, मनगट मोडलं, आणि मागून येणारा ट्रक तिच्यापासून चार पावलांवर थांबला. त्या दिवसापासून पोरांसाठी सुरक्षित जागा हवी म्हणून नवीन पनवेलच्या एका सेक्टरातले गुरुदत्त नावाचे गृहस्थ खटपट करत होते. त्यांची मुलगी सईही अंकिताच्या बरोबरीने फळीवर असायची. बांधकामाला देणगीदार मिळाले, महापालिका हो म्हणाली. घोडं अडलं होतं जागेवर, आणि जागेचे कागद सोमवारी, म्हणजे या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी द्यायचे होते. "गोदूआजी, रविवारी जागा फायनल करायचीय. पप्पा म्हणाले तू पाहिजेसच," अंकिता म्हणाली होती.

तेव्हा गोदू हरखली होती. आता मोरीतल्या माशाकडे बघत तिने ते वाक्य पुन्हा मनाशी म्हटलं. पप्पा म्हणाले तू पाहिजेस. जिला चौथीनंतर शाळेतून काढून मिठागरावर पाठवली, तिला आता पोरांच्या खेळायच्या जागेतलं कळतं होय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

ओसरीवर दाजी बसला होता. सगळं गाव त्याला दाजी म्हणतं, ती एकटी दादूस म्हणते. अठ्ठ्याहत्तरी गाठलेला तिचा थोरला भाऊ तिला बघून नेहमीसारखा 'आलीस का' म्हणाला नाही. "बस," एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता.

दहाच्या सुमारास गुरुदत्त आले. हातात कागद लावलेली पाटी, तीन जागांची नावं, प्रत्येकीपुढे गुण द्यायच्या चौकटी. सरळ माणूस दिसत होता. पण सरळ माणसांच्या मागे उभं राहूनच वाकडी कामं होतात, हे गोदूने पाहिलेलं होतं. तरी तिने एक आशा धरली की मासा यांच्यासाठी असेल. मनिषाने चहा देताना जेवूनच जा म्हटलं, तर गुरुदत्त हसून म्हणाले, "वहिनी, मी शाकाहारी. मला वरणभात चालेल." गोदूची ती आशाही संपली.

केतन गाडी चालवायला स्वतः बसला. दाजी पुढे, मागे गुरुदत्त, अंकिता आणि खिडकीशी गोदू. पंचेचाळिशीचा केतन बोलायला मोठा गोड. लहानपणी दुपारभर गोदूच्या मांडीवर झोपायचा. आता गावच्या नाक्यावर त्याची इमारत उभी राहत होती, आणि त्या इमारतीपुढे स्वतःच्या मामाला दोन तास गाडी लावू दिली नाही म्हणून गेल्या दिवाळीत भांडण झालं होतं. असा माणूस आज पोरांसाठी घरची जमीन द्यायला निघाला होता.

पहिली जागा उड्डाणपुलाखालची. छप्पर आयतं, फरशी मोठी. गुरुदत्तांनी चौकटीत सात लिहिले. केतनने नुसतं अंकिताच्या मनगटाकडे बोट केलं. ट्रक शेजारून जातच होते. गुरुदत्तांनी साताचे तीन केले. दुसरी जागा नवीन पनवेलच्या सेक्टरातल्या बागेचा कोपरा. तिथे सकाळी फिरायला येणारी मंडळी आधीच वैतागलेली. एका आजोबांनी चाकांचा खडखडाट आम्हाला झोपेतही ऐकू येतो, असं इतक्या गंभीरपणे सांगितलं की अंकिताने फळी पाठीमागे लपवली. केतन तिथे एक शब्द बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती, आणि ते त्याला आधीपासून माहीत होतं, हे गोदूने ताडलं. तिसऱ्या जागेला खोट काढायला आता कोणी उरलंच नव्हतं.

तिसरी जागा म्हणजे घरचा प्लॉट.

गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत आलेला अठरा गुंठ्यांचा तुकडा. सोडतीत तो निघाला तोही नेमका आपल्याच जुन्या मिठागराच्या कडेला. पुढून डांबरी रस्ता, मागे खाडीकडे उतरती जमीन. केतनने मधोमध चुन्याची रेघ मारून ठेवली होती. पुढचा अर्धा घरासाठी, मागचा अर्धा पोरांसाठी, असं त्याने ऐटीत सांगितलं. मागच्या भागावर तांबडा मुरूम पसरलेला, रोलर फिरवून कसा चापूनचोपून बसवलेला. गुरुदत्तांनी खूश होऊन चौकटीत नऊ लिहिले. अंकिताने फळी टाकली आणि मुरुमावरून ती चालेना तेव्हा स्वतःच हसत सुटली. हेल्मेटखालचा तिचा तो चेहरा बघून गोदूला वाटलं, आपण म्हातारी झालो आणि संशयी झालो. पोरीला जागा मिळतेय, मिळू दे.

पण मुरूम नवा होता.

गोदूने चपला काढल्या. हे तिने ठरवून केलं नाही, पायांनीच केलं. वयाच्या दहाव्या वर्षापासून लग्न होईतो तिने मिठागराचे वाफे तुडवले होते. पाणी सोडायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून, फळीने ठोकून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो. कुठे बोटभर खोलगट राहिलं तर तिथलं मीठ काळं निघतं. ती नजर डोळ्यांची नसते, तळपायाची असते. गोदू चुन्याची रेघ ओलांडून मागे गेली, थोडी चालली, आणि एका जागी अंगठ्याने मुरूम उकरला. चार बोटांखाली करडा चिखल, त्यावर पांढरी बुरशीसारखी मिठाची साय, आणि खेकड्याचं एक ताजं बीळ.

म्हणजे अवस-पुनवेच्या उधाणाचं पाणी इथे अजून येत होतं. या मातीवर सिमेंट ओतलं तर त्याला लोणा लागणार, दोन पावसाळ्यांत पोपडे धरणार, आणि पोरं तोंडावर आपटणार. उलट पुढचा भाग, रस्त्याकडचा, तिथे आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या काळी मिठाची रास घालायचे. रास कधीच सखल जागी घालत नाहीत. सगळ्या मिठागरात जी जागा उंच, कोरडी, जिथे मोठ्यात मोठ्या उधाणाचंही पाणी पोचलं नाही, तिथे वर्षाची कमाई रचून वर पेंढा टाकायचा. हे केतनला कुठून ठाऊक असणार? तो जन्मला तेव्हा मिठागरं मोडीत निघाली होती. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की पुढच्या जागेला रस्ता लागतो.

तिने मान वर केली तर दाजी तिच्या अंगठ्याकडेच बघत होता. त्याने सगळं ओळखलं होतं. तो पुढे होईल, 'केतन, ही जागा बरी नाय' असं म्हणेल, म्हणून ती थांबली. दाजीने काठी उचलली आणि तो गाडीकडे चालू लागला.

भाच्याचा संशय येणं वेगळं. भावाचा येणं वेगळं.

घरी परतल्यावर ती पाय धुवायला मागे गेली. मनिषा एकटीच चुलीशी होती, जिताड्याच्या तुकड्यांना मसाला चोळत. ओसरीवर केतनचा आवाज मोठा होता, तरी मनिषाने बोलण्याआधी दाराकडे पाहिलं.

"आत्या, जेवायच्या आधी ते तुम्हाला एक कागद देतील," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय सही करू नका."

गोदूने तिच्याकडे रोखून पाहिलं. नवऱ्याच्या विरोधात बायको आत्याला सावध करते, ती कशासाठी? हिचा यात काय डाव? की ही वाटच केतनने घालून दिलीय? "तुला गो काय पडलंय माझं?" तिने विचारलं.

मनिषाने मसाल्याचा हात तसाच धरला. "गेल्या दिवाळीत मी उरणला माहेरी गेले होते ना. भावांनी असाच कागद पुढे केला. मी पदवीधर आहे आत्या. तरी वाचला नाही. वाचला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून."

एवढं बोलून ती पुन्हा तुकड्यांना मसाला लावायला लागली. गोदूला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण ओसरीवरून हाक आली.

कागद पाटाशेजारीच ठेवला होता, वर पेन. पानं वाढलेली. आणि गोदूच्या पानात जिताड्याचं डोकं, मानाचं. गुरुदत्त बाजूला वरणभात घेऊन बसले होते, अंकिता त्यांच्या पलीकडे, दाजी भिंतीला टेकून. केतनने अगदी हलक्या सुरात सांगितलं की फार काही नाही, नाहरकतीचा कागद आहे, घरात वडीलधारी म्हणून आत्याची सही असली की शुभ होतं, उद्या कागद जमा होतील आणि नारळही आत्याच्याच हातून फोडायचा. गोदू कागदावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावायला लागली. तिला वेळ लागतोय हे बघून गुरुदत्त मदतीला आले. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं.

"काकू, काळजी करू नका," ते म्हणाले. "जागा महापालिकेच्या नावे केली की मुलांना पार्क मिळेल, आणि त्या बदल्यात केतनरावांना नाक्यावरच्या इमारतीवर दोन मजले जास्तीचे बांधता येतील. रीतसर नियमच आहे तो. नुकसान कोणाचंच नाही."

केतनचा हात घासाबरोबर थांबला. ही गोष्ट जेवताना निघायची नव्हती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"पप्पा, कुठले मजले?" अंकिताने विचारलं.

पोरीला माहीत नव्हतं. गोदूला एवढ्यानेच बरं वाटलं. बाकी काही असो, तो फोन खरा होता. मग आवळा देऊन कोहळा काढायला निघालेल्या भाच्याकडे तिने तोंड वळवलं. राग येण्याऐवजी तिचं डोकं विलक्षण थंड झालं होतं.

"दोन मजले बांध, धा बांध. माझा सवाल येगळाच हाय," ती म्हणाली. "तीस वर्सांमागं भाऊबीजेला तुझ्या बापानं माझ्याकडून हक्कसोड लिहून घेतला. ओवाळायचं तबक हातात होतं माझ्या. ते खाली ठेवलं नि सही केली. मग सोडलेल्या हक्काला आज माझी हरकत कशी रं उरली? नि हरकत नाय, तर नाहरकत कसली घेतोस?"

केतनने बापाकडे पाहिलं. दाजीने भिंतीकडे. शेवटी केतनलाच बोलावं लागलं. "आत्या, ते... रेकॉर्डला तुझं नाव अजून आहे. आबांच्या वारसांत. निम्मं. मलाही महिन्यापूर्वी कागद काढले तेव्हाच कळलं. दाजींना विचारलं तर काही बोलत नाहीत. पण म्हणून मी चोर नाही. अंकिताचा हात मोडला तेव्हा तीन रात्री झोपलो नाही मी. पार्क मलाही पाहिजे. सोबत माझंही काम झालं तर काय बिघडलं?"

यातलं निम्मं खरं होतं हे गोदूलाही कळत होतं. पण ती आता केतनशी बोलत नव्हती. "दादूस," ती म्हणाली, "त्या कागदाचं काय केलंस?"

दाजी उठला. आत गेला. भिंतीवरची आबांची तसबीर खाली घेतल्याचा आवाज आला, आणि तो परत आला तो हातात चौपदरी घडीचा, पिवळा पडलेला मुद्रांक घेऊन. त्याने तो बहिणीच्या मांडीवर ठेवला. खाली तिची सही होती, शाळकरी, एकेक अक्षर सुटं. कोपऱ्यावर कुंकवाचा डाग. तिच्याच बोटाचा.

"नोंदवाया कचेरीत गेलो होतो घेऊन," दाजी म्हणाला. "दुपारपरेंत बाकावर बसलो. मग नाव पुकारलं, नि मना उठवलंच नाय."

"का?"

"तू वाचलं नव्हतंस."

"मग मना सांगितलं का नाय?"

दाजी पुन्हा भिंतीला टेकून बसला. खोटं बोलायला त्याच्याजवळ सवड होती, पण या वयात त्याने ते केलं नाही. "सांगितलं असतं तर तू वाटा मागितला असतास," तो म्हणाला.

गोदूला हसावं की रडावं कळेना. घ्यायची लाज वाटली म्हणून घेतलं नाही, आणि द्यायला जीव होईना म्हणून दिलं नाही. तीस वर्षं हा माणूस तसाच मधल्यामध्ये बसून राहिला होता, कचेरीतल्या बाकावर बसला होता तसा.

"तीस भाऊबिजा ओवाळलं मी तुला," ती म्हणाली. "दरवर्सी तबक फिरवताना मनात म्हनायची, जाऊं दे, भाऊ हाय, घेतलं तर घेतलं. दरवर्सी माफ केलं तुला. नि तुला ठावं होतं, माफ करन्यासारखं तू काय केलंच नाय. तरी तू माफी घेत र्‍हायलास. ती इटकी साडी देऊन."

दाजीचे डोळे भरले. त्याने ते पुसले नाहीत. अंकिता उठून आपलं पान घेऊन गोदूच्या शेजारी येऊन बसली. "आजी, मला नको ती जागा," ती म्हणाली. "नको करूस सही. आम्ही बघू दुसरीकडे."

"दुसरीकडं कशाला?" गोदूने डोळे पदराला टिपले. "जागा हायच की. मागची नाय. मागच्या मुरुमाखाली खेकडे हायेत, उधाणाचं पानी हाय. तिथं शिमिट टिकायचं नाय. तुझ्या आज्यानं सकालीच बघितलंय ते, इचार त्याला." दाजीने मान खाली घातली, आणि ते पुरेसं होतं. गुरुदत्तांनी पाटीवरचा तिसऱ्या जागेपुढचा नऊचा आकडा खोडला. "पार्क व्हईल पुढं. राशीच्या जागंवर."

"आत्या, पुढे रस्ता आहे," केतनच्या आवाजातला गोडवा प्रथमच सुटला. "पुढची जागा म्हणजे प्लॉटचा जीव आहे. आणि उद्या सोमवार आहे. तू सही नाही केलीस तर पार्क जाईल, समजतंय का तुला? अंकिताचं नुकसान तू करतेयस."

हे वर्मी लागावं म्हणूनच बोललेलं होतं, आणि लागलंही. गोदूने शेजारच्या पोरीच्या मनगटाकडे पाहिलं. वाकडं जुळलेलं हाड अजून दिसत होतं. एका सहीचा तर प्रश्न होता. तिने यापूर्वी केली होतीच की एक, न वाचता. पेन तिथेच होतं.

तिने ते उचललं नाही.

"गुरुदत्तभाऊ," तिने विचारलं, "उद्याचे कागद पुढं ढकलता येतील का?"

गुरुदत्तांनी घसा साफ केला. विनंतीचा अर्ज दिला तर महिनाभर मुदत मिळू शकते, असं ते केतनकडे न बघता म्हणाले. वाद असलेल्या जागेवर लेकरांसाठी काही बांधायला त्यांचं मन तसंही घेणार नव्हतं, हेही त्यांनी जोडलं.

"मग ऐक केतन," गोदू म्हणाली. "मी देनार जागा. पन आधी ती माझी व्हऊं दे. जे माझं म्हनून कधी माझ्या हातात दिलं नाय, ते मी दुसऱ्याला देऊं कशी? मोजनी आना. निम्मा माझा, नि तो पुढचा. हद्दीचे दगड पडूं देत, माझं नाव लागूं दे. मग मी माझ्या हातानं पोरांना देईन. नि त्या बदल्यात जे मजले मिळतात ना, ते जागा देनाऱ्याला मिळतात, असंच ना भाऊ?"

गुरुदत्तांना हो म्हणावंच लागलं.

"ते तुला द्यायचे का नाय, ते इचारायला कळंबोलीला ये. माझ्या दारात. तीस वर्सांत आला नाहीस, वाट ठावं नसंल तर डायवरला इचार."

केतन काही बोलणार होता. त्याआधी दाजीचा आवाज आला. सकाळपासून तो असा स्पष्ट बोलला नव्हता. "पुढची बाजू तिची," तो म्हणाला. "रास तीच वाहायची डोक्यावरून. मी तर काट्यावर वजनं लिवत बसायचो."

केतनने बायकोकडे पाहिलं, निदान ती तरी काही म्हणेल म्हणून. मनिषाने शांतपणे पाटाशेजारचा नाहरकतीचा कागद आणि पेन उचललं, आणि आत नेऊन ठेवलं. जेवताना कागदाला तेल लागतं, असं ती म्हणाली.

पैठणीचं खोकं ओसरीच्या कोपऱ्यात तसंच होतं. जाताना ते इथेच ठेवून जायचं, असं गोदूने मनाशी ठरवलं. मांडीवरचा कुंकवाच्या डागाचा कागद मात्र तिने घडी करून कमरेला खोचला. तो तिचा होता. मग पान ओढून जिताड्याचं डोकं मधोमध मोडलं, अर्धं अंकिताच्या पानात टाकलं, आणि तळहातावरचा रस्सा चाटत भावाकडे बघून म्हणाली, "मोजनीदार कधी येतो ते कळीव दादूस. त्या दिशीचा जिताडा माझ्याकडून."